कच्च्या केळ्याची वाटी आणि मराठवाड्याचा आग्रह

काही पदार्थांना भांडे म्हणावे की खाद्य, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि कच्च्या केळ्याच्या तळलेल्या वाटीची गणना त्यांतच करावी लागते. कच्च्या केळ्याचा जाड तुकडा एकदा तळायचा, गरम असतानाच दाबून त्याला खोलगट आकार द्यायचा आणि पुन्हा तळायचा. असे केल्यावर जी कडक, सोनेरी, तळहातावर सहज बसणारी वस्तू हाती येते तिला येथे ‘वाटी’ म्हटले आहे आणि तिच्या पोटात जे तिखटमिठाचे भरले जाते त्याला ‘सारण’. भांडे या नात्याने सारण सांभाळणे हे तिचे कर्तव्य आहे आणि खाद्य या नात्याने दाताखाली आवाज करून मोडणे हेही तिचेच कर्तव्य आहे. ही दोन्ही कर्तव्ये ती एकाच वेळी पार पाडते तो काळ सारण भरल्यापासून जेमतेम पाच-दहा मिनिटांचा असतो. लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या गावात पाहुण्याने पहिल्याच विनंतीला ताटलीकडे हात नेणे आजही थोडे उतावीळपणाचे समजले जाते, त्यामुळे तेथे या वाटीचा अभ्यास पाकशास्त्रापाशी थांबत नाही; तो समाजशास्त्रात शिरतो.

खाता येणारी वाटी ही कल्पना या मुलखाला सर्वस्वी परकी नाही. मैद्याची कटोरी करून तीत चाट भरण्याची रीत शहरांतील लग्नसमारंभांनी खेड्यांपर्यंत पोहोचवली आहे आणि बटाट्याच्या किसाची तळलेली टोकरी करून तीत चाट देणे ही तर लखनौची ओळखच झाली आहे. केळ्याची वाटी मात्र अटलांटिक महासागरापलीकडून आलेली आहे. केळीची लागवड न्यू गिनी बेटावर सुमारे सात हजार वर्षांपूर्वी होत होती असे पुरातत्त्वीय पुरावे सांगतात. तेथून आणि आग्नेय आशियातून केळ भारतात आली, आफ्रिकेत गेली, आणि १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून तिचे कंद कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर नेले, असे सांगितले जाते. त्या बेटांवर आणि आसपासच्या किनाऱ्यांवर कच्चे केळे दोनदा तळून चपटे करण्याची पद्धत रुजली. पोर्तो रिकोत आणि क्युबात त्या चकत्यांना ‘तोस्तोनेस’ म्हणतात, कोलंबिया, पनामा आणि इक्वेडोरमध्ये ‘पाताकोनेस’ म्हणतात, आणि चकतीऐवजी खोलगट वाटी करून तीत कोळंबी किंवा मांस भरले की त्याला ‘भरलेले तोस्तोनेस’ म्हणतात. ती दाबण्यासाठी तेथे बिजागरीचे लाकडी यंत्र मिळते, ज्याच्या एका फळीला खळगा आणि दुसरीला त्यात बसणारा उंचवटा असतो. देवणीत हे यंत्र मिळत नाही. त्याची उणीव कशी भरून काढली जाते हे पुढे येईलच.

या पदार्थासाठी मुळात जे केळे वापरतात ते ‘प्लँटेन’ गटातील असते. प्लँटेन म्हणजे शिजवून खाण्याचे, जाड सालीचे, कमी पाण्याचे आणि जास्त पिष्टाचे केळे. धान्यात आणि कंदांत साठणाऱ्या, शिजवल्यावर फुगणाऱ्या घटकाला पिष्ट म्हणतात. प्लँटेनच्या गरात सुमारे ६५ टक्के पाणी असते, तर नेहमीच्या खाण्याच्या केळ्यात ते सुमारे ७५ टक्के असते. केरळातील नेंद्रन आणि वसईपासून कोकणात परिचित असलेली राजेळी ही याच गटातील आपली केळी होत. मराठवाड्याचे केळे मात्र वेगळ्या घराण्याचे आहे. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर हा तालुका केळीसाठी प्रसिद्ध असून तेथील गावाचे नाव लावणारी ‘अर्धापुरी’ ही जात कॅव्हेंडिश या, म्हणजे पिकवून खाण्याच्या केळ्यांच्या, गटात मोडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्रही नांदेडलाच आहे. या केळ्याची वाटी होतच नाही असे नाही, कारण हिरवे असताना त्यातही पिष्ट भरपूर असते आणि वेफर्स तळणाऱ्यांनी ते केव्हाच सिद्ध केले आहे. पाणी जास्त असल्याने वाटी अंमळ नाजूक होते आणि तळायला वेळ जास्त लागतो, एवढेच.

खरी अडचण हिरवे केळे मिळवण्याची असते. फळविक्रेत्याच्या दृष्टीने हिरवे केळे म्हणजे अजून विक्रीस न आलेले पिवळे केळे होय, आणि ते मुद्दाम मागणारे गिऱ्हाईक हे त्याला एक तर अडाणी वाटते, नाही तर आजारी. “कच्ची कशाला वं? दोन दिवसांत पिकतेत की,” असे तो सद्भावनेने सांगतो, आणि पिकायला नकोच आहेत असे उत्तर मिळाल्यावर घरात कोणाचे पोट बिघडले आहे याची आस्थेने चौकशी करतो. त्यातूनही घड घरी आला की दुसरी शर्यत सुरू होते. केळे पिकते म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होत जाते. अशी साखर झालेले केळे तेलात पडले की बाहेरून करपते, आतून मऊ राहते आणि दाबले की पसरते. घरात मुले असतील तर ती पिवळ्या डागाची वाट पाहत असतात आणि वाटी करणारी व्यक्ती तो डाग दिसू नये अशी प्रार्थना करत असते. एकाच घडाबद्दल एकाच घरात परस्परविरोधी नवस बोलले जाण्याचे असे उदाहरण दुर्मीळ आहे.

प्रत्यक्ष कृतीचा आरंभ सालीशी झगडण्याने होतो. हिरव्या केळ्याची साल पिकलेल्या केळ्यासारखी सोलली जात नाही. तिला सुरीने उभ्या चिरा देऊन अंगठ्याने सोडवावी लागते, आणि तिच्यातून निघणारा चीक हातांवर व कपड्यांवर काळपट डाग पाडतो. हातांना आधी तेल चोळले तर चीक धरत नाही, हे बहुतेक घरांत ठाऊक असते; परंतु पदरालाही तेल चोळता येत नसल्यामुळे जुने पातळ नेसून बसणे हा सिद्ध उपाय आहे. निघालेल्या साली गोठ्यात जातात. देवणीचे नाव देशभर ज्या गुरांमुळे गेले, आणि ज्यांचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार रंगावरून ओळखले जातात, ती देवणी जातीची गुरे या साली आवडीने खातात. वानेऱ्याचे तोंड काळे, बालंक्या सर्वांगी पांढरा आणि शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके, असा हा भेद आहे. सालीच्या बाबतीत मात्र तिघांत कोणताही मतभेद आढळत नाही. पुढे येणाऱ्या साऱ्या विवेचनात, समोर आलेले खाद्य ताबडतोब आणि आढेवेढे न घेता स्वीकारणारा हा एकमेव भोक्ता आहे, याची नोंद येथेच करून ठेवणे योग्य.

सोललेल्या केळ्याचे तीन-चार सेंटिमीटर उंचीचे तुकडे करून ते मीठ घातलेल्या ताकात टाकतात, म्हणजे हवेशी संयोग होऊन ते काळे पडत नाहीत. मग ते कोरडे पुसून मध्यम आचेवर, साधारण १६० अंश सेल्सिअसच्या तेलात, रंग न येऊ देता मऊ होईपर्यंत तळतात. घरात तापमापक नसतो. असला तर तो तापाच्या माणसाच्या काखेतला असतो आणि ४२ अंशांच्या पुढे त्याचा उपयोग नसतो. म्हणून पिठाची गोळी टाकून ती किती वेळात वर येते यावर तेल जोखतात, आणि ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असूनही प्रत्येक घरात तिचा अर्थ सासू आणि सून वेगवेगळा लावतात. तेलाच्या निवडीतही पिढ्यांचा भेद दिसतो. वडीलधाऱ्यांच्या मते तेल म्हणजे करडईचे, आणि त्यानंतरची साऱ्या जगाची घसरण तेल बदलल्यामुळेच झालेली आहे. लातूर जिल्ह्याची शेती सोयाबीनकडे वळल्यावर स्वयंपाकघरही वळले, याला ते शरणागती समजतात. वाटीला दोन्ही तेले चालतात.

पहिल्या तळणात आतील पिष्ट केळ्यातलेच पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते. याच अवस्थेत, हाताला चटका बसत असताना, तुकडा दाबला पाहिजे. तो निवला की पिष्ट आवळून घट्ट होते आणि दाबताच कडा तडकतात. येथे लाकडी यंत्राची उणीव जाणवते आणि घरातील पुरुषवर्ग, जो तोपर्यंत वर्तमानपत्रात असतो, तो यंत्रशास्त्राचा प्रश्न उपस्थित झाल्याचे पाहून स्वयंपाकघरात येतो. पुरी दाबण्याचे यंत्र, लिंबू पिळण्याची पिळणी, दुचाकीच्या हत्यारांच्या पेटीतील एखादी वस्तू असे पर्याय सुचवले जातात. या चर्चेत तुकडे निवतात. चर्चा चालू असतानाच घरातील बाई एका लहान स्टीलच्या वाटीला तेल लावते, तीत गरम तुकडा उभा ठेवते, त्यावर केळीच्या पानाचा तुकडा घालून खलबत्त्यातील बत्त्याच्या गोल टोकाने दाबते आणि अखंड वाटी काढून बाजूला ठेवते. यानंतर पुरुषवर्ग बत्त्याचा कोन किती असावा यावर मार्गदर्शन करून पुन्हा वर्तमानपत्राकडे वळतो.

दुसरे तळण अधिक कडक, १८० अंशांच्या आसपासच्या तेलात करतात. दाबताना पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो आणि त्या खडबडीतपणातील पाणी वाफ होऊन निघून गेले की कवच कुरकुरीत होते. दोनदा तळण्याचे सारे रहस्य एवढेच आहे. कॅरिबियन रीतीत या दोन तळणांच्या मध्ये वाटी लसूण-मिठाच्या पाण्यात बुडवून घेतात. ही पायरी देवणीत सांगून पाहावी. ओली वस्तू उकळत्या तेलात टाकण्याचा सल्ला देणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, तिच्यापुढे कोणतीही आंतरराष्ट्रीय परंपरा टिकत नाही. लसूण सारणात घालता येतो, असा निकाल होऊन ही पायरी वगळली जाते आणि ते शहाणपणाचेच असते.

सारणाच्या बाबतीत मराठवाड्याची श्रीमंती मोठी आहे आणि म्हणूनच धोकाही मोठा आहे. वाटीच्या दृष्टीने जगातील सर्व सारणांचे कोरडे आणि ओले असे दोनच वर्ग पडतात. झुणका कोरडा असतो म्हणून चालतो. त्याचेच पातळ रूप असलेले पिठले वाटीत घातले की भांडे आणि खाद्य ही दोन्ही कर्तव्ये ती एकदमच सोडून देते. परतलेले तुरीचे सोले, सुकी मटकी, कोरडा परतलेला खिमा आणि खरडून केलेला ठेचा हे उत्तम. खिमा हा या सीमाभागाचा स्वाभाविक वाटेकरी आहे. देवणी तालुक्याला लागूनच कर्नाटकातील बीदर जिल्हा असल्यामुळे येथील बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषांत भाव करता येतो आणि तिन्ही भाषांतील मसाले एकाच पिशवीतून घरी येतात.

सर्वांत अवघड प्रकरण भज्जीचे आहे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, जिला या भागात येळवस म्हणतात, शेतात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाल्यावर जी अनेक भाज्यांची आणि ओल्या तुरी-हरभऱ्यांची मिळून एकच मिसळ बाजरीच्या उंड्यांबरोबर आणि आंबिलीबरोबर वाढतात, तिला भज्जी म्हणतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी शहरे ओस पडून शिवारे भरतात. आदल्या दिवसापासून शिजलेली भज्जी केळ्याच्या वाटीत भरावी असे नव्या पिढीला वाटणे स्वाभाविक आहे, आणि भज्जीचा रस पाहता वाटीने त्याला नकार देणेही तितकेच स्वाभाविक आहे. यावर निघालेली तडजोड शास्त्रशुद्ध आहे: वाटीच्या तळाशी शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीचा थर द्यावा, म्हणजे ओलावा आधी ती चटणी पिते आणि कवचाला थोडी मुदत मिळते. मूळ भज्जीवाद्यांना हा प्रकार मान्य नसतो. ते वाटी बाजूला ठेवून भज्जी उंड्याबरोबर खातात आणि मग वाटी नुसती, चटणीसह, ‘बघू तरी’ म्हणून संपवतात.

उपवासाचा प्रश्न स्वतंत्र आहे. कच्चे केळे उपवासाला चालते, शेंगदाण्याचे तेल चालते, भगर, बटाटा आणि दाण्याचे कूट चालते. तेव्हा या साऱ्यांची मिळून झालेली वाटी चालावी, हे तर्काला धरून आहे. कोथिंबीर चालते की नाही यावर मात्र घरोघरी निराळे पीठ असून त्या त्या पीठाच्या आचार्य आजीबाई असतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांनी केळ्याची वाटी पाहिली नव्हती. पाहिली असती तर आकडा वाढवला असता.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येते. भरलेली वाटी समोर आल्यापासून ती तोंडात जाईपर्यंत मराठवाड्याच्या रीतीनुसार तीन टप्पे पार पडावे लागतात. पहिल्या टप्प्यात पाहुणा “नको, नको” म्हणतो. हा नकार नसून पोच असते. दुसऱ्या टप्प्यात “आताच जेवून आलाव बघा” असे कारण दिले जाते आणि यजमान “एवढ्यानं काय हुतंय, घ्या की” असे म्हणून ताटली आणखी पुढे सरकवतो. तिसऱ्या टप्प्यात पाहुणा माघार घेतो, पण पूर्ण नाही, तो म्हणतो, “बरं, अर्धी द्या.” अर्धा चहा, अर्धी पोळी, अर्धी भाकरी यांना या समाजात मान्यता आहे आणि त्यामागे संकोचाचा एक सुंदर हिशोब आहे. परंतु अर्धी वाटी ही वस्तू भूमितीत बसत नाही, कारण वाटी अर्धी केली की तिला वाटी म्हणता येत नाही आणि सारण पाहुण्याच्या धोतरावर किंवा पँटवर येते. हे सर्व होईपर्यंत ठेच्यातील आणि उसळीतील ओलावा आपले काम करून चुकलेला असतो. पाहुण्याच्या हाती शेवटी पडते ती मऊ, लवचीक, चामड्यासारखी वाटी, आणि तो चावत चावत “छान झालीय” म्हणतो. त्याच्या सौजन्यानेच त्याचे नुकसान केलेले असते.

दुसरी अडचण वाढण्याच्या क्रमाची आहे. आधी देवाचा नैवेद्य, मग घरातील वडीलधारे, मग पाहुणे, मग पुरुष आणि मुले, आणि शेवटी तळणारी, असा क्रम सर्वमान्य आहे. वाटीला याच्या नेमका उलटा क्रम लागतो. पहिल्या, सर्वांत कडक वाट्या जातात त्या कवळी लावणाऱ्या आजोबांकडे, ज्यांना त्या मोडत नाहीत; आणि ज्यांचे दात शाबूत आहेत त्या नातवंडांपर्यंत पोहोचतात त्या मऊ पडलेल्या, ज्या आजोबांनी आनंदाने खाल्ल्या असत्या. मान आणि दात यांचा क्रम परस्परविरुद्ध असल्याने एकाच घाण्यात दोन पिढ्या असमाधानी होतात. तळणाऱ्या बाईच्या वाट्याला तडकलेल्या, सारण न धरणाऱ्या वाट्या येतात; त्या ती ओट्यापाशी उभी राहून, मिठाची चिमूट टाकून, तेलातून काढल्या काढल्या खाते. तिची कोणी कीव करू नये. साऱ्या घरात खरी कुरकुरीत वाटी खाणारी तीच एकटी असते, आणि ‘तुकडेच चांगले लागतात’ हे तिचे म्हणणे त्याग समजून इतरांनी वर्षानुवर्षे डोळे भरून ऐकलेले असते.

उरलेल्या वाट्यांचा प्रश्न फारसा गंभीर नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तळून पूर्वस्थितीवर आणण्याचा प्रयत्न तेलाचा अपव्यय ठरतो. त्या चुरून दही, शेंगदाण्याची चटणी आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी घातली की चांगला पदार्थ होतो आणि नव्या नावाने वाढता येतो.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की वाटीत दोष नाही आणि आग्रहातही नाही. दोन्ही एकाच ताटलीत आणणे हे चुकते. म्हणून वाट्या रिकाम्याच वाढाव्यात, सारणे वेगळ्या भांड्यांत मधोमध ठेवावीत आणि ज्याने त्याने आपली वाटी आपल्या हाताने, तोंडात घालण्याच्या क्षणी भरावी. आजोबांसाठी दोन वाट्या आधीच भरून झाकून ठेवाव्यात. आग्रह करायचा तो सारणाचा करावा, कारण ठेच्याला वाट पाहता येते. आणि पाहुण्यांना एवढीच विनंती, की मराठवाड्याच्या रीतीचा मान राखून तीनदा नको जरूर म्हणावे. फक्त आधी वाटी खावी आणि मग नको म्हणावे.